चुकीच्या पत्त्यावरचे आभार

मांजरी, पुणे
मंगळवार, ८ जुलै २००८

प्रिय चेतन,

तुझं कृतज्ञतापत्र मिळालं. जाड कागद, दोन पानं, कोपऱ्यात कंपनीचं चिन्ह आणि खाली तुझी सही, तीही शाईच्या पेनानं, म्हणजे अगदी मनापासून. कुरिअरवाल्यानं माझ्या तीन ठिकाणी सह्या घेतल्या. तू औंधला राहतोस, दर दुसऱ्या रविवारी इथं जेवायला येतोस, डबा भरून घेऊन जातोस, आणि सख्ख्या बहिणीचे आभार मानायला तुला कुरिअर लागलं. मी आधी रागावून घेते, मग जे सांगायचं ते सांगते. माझी ही पद्धत तुला लहानपणापासून माहीत आहे, तेव्हा मधली पानं गाळून शेवटाकडे पळू नकोस.

एप्रिलमध्ये कंपनीनं तुम्हाला तीन दिवस लोणावळ्याला नेलं, त्या व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिराला. तिथून तू परत आलास तो माझा भाऊ राहिलाच नाहीस. फोनवर 'ताई, मी तुला ऐकतोय' म्हणतोस. फोन कानाला लावल्यावर माणूस ऐकणारच, दुसरं काय करणार? मी म्हटलं दूध महाग झालं, तर तू आवाज मऊ करून विचारलंस, 'त्यानं तुला नेमकं काय वाटलं?' महाग वाटलं, चेतन. दूध महाग झालं की महागच वाटतं. पूर्वी तू मला 'पुरे गं तुझं' म्हणून फोन आपटायचास, तेव्हा निदान समोर कोणीतरी आहे असं वाटायचं.

अक्षताचा परवा फोन आला होता. नवऱ्याची तक्रार करायला तिनं नणंदेला फोन करावा, यावरूनच ओळख काय वेळ आली असेल. तू म्हणे रोज सकाळी एका वहीत तीन गोष्टी लिहितोस, ज्यांच्याबद्दल तू आभारी आहेस, आणि त्यातली एक नाश्त्याला मोठ्यानं वाचून दाखवतोस. मागच्या आठवड्यात सोमवारी तू तिचे पोळ्यांबद्दल आभार मानलेस. मऊ, पातळ, प्रेमानं लाटलेल्या पोळ्या. तुमच्याकडे चार वर्षं झाली, पोळ्या तुळजाबाई करतात. त्या तेव्हा ओट्यापाशीच उभ्या होत्या. अक्षता सांगत होती, त्या दिवसापासून पोळ्या जाड यायला लागल्यात. तू आभार मानू नयेस असं माझं म्हणणं नाही. ते कोणाचे आणि कशाबद्दल, एवढं एकदा मान वर करून बघत जा.

आणि आईला तू काय केलंस! गेल्या महिन्यात इथं आलास तेव्हा तिला बेसिनवरच्या आरशासमोर उभं केलंस आणि म्हणालास, आई, स्वतःच्या डोळ्यांत बघ आणि म्हण, मी जशी आहे तशी मला मान्य आहे. आईनं आधी चष्मा पुसला. मग विचारलं, 'कोणाला मान्य?' तू म्हणालास, स्वतःला. तिनं आरशात बघितलं, तोंड उघडलं, आणि एक शब्द न बोलता आत जाऊन पडली. जेवायलासुद्धा उठली नाही. तू मला बाजूला घेऊन सांगितलंस, की हा अंतर्मनाचा विरोध असतो, जुन्या पिढीत जरा जास्त असतो. मी त्या दिवशी तुझ्यावर ओरडले, म्हाताऱ्या माणसाला कसले खेळ खेळायला लावतोस म्हणून. आई का उठून गेली ते तेव्हा मलाही कळलं नव्हतं. आता कळलंय, ते पुढे सांगते.

तर तुझं पत्र. शनिवारी आलं, आणि आईच्या आग्रहामुळे मी ते तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. तू लिहिलंयस, की १९९२ साली बाबांचा कारखाना बंद पडला तेव्हा ताईनं स्वतःचा डिप्लोमा सोडला आणि स्वतःची स्वप्नं माझ्या दप्तरात भरली. दोन पानांत 'त्याग' हा शब्द सात वेळा आलाय. मी मोजले, सवय आहे. बरं, घरात वाचून ठेवून देण्यापुरतं ते ठीक होतं. पण येत्या रविवारी आमच्या सोसायटीच्या वर्धापनदिनाला तू प्रमुख पाहुणा म्हणून येणार आहेस आणि मला समोर बसवून हेच पत्र माईकवरून वाचणार आहेस. आमचे चेअरमन श्रीनिवासराव यांनी शालही आणलीय, मोरपंखी रंगाची. जिन्यात भेटले तेव्हा पिशवीतून अर्धी काढून दाखवली. मला तेवढं कोणी विचारलं नाही. चेतन, ते पत्र रविवारी वाचलं जाता कामा नये. त्याचं कारण सांगायला मला सोळा वर्षं मागे जावं लागतंय, आणि मी गेले तीन दिवस तिथं जायचं टाळतेय, म्हणून तर पोळ्यांवर आणि आरशावर इतकी शाई घालवली.

जून १९९२. इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाचं माझं पहिलं वर्ष संपलं होतं. निकालाच्या दिवशी पॉलिटेक्निकच्या बोर्डावर मी माझा नंबर तीनदा शोधला, मग खिडकीवर जाऊन गुणपत्रिका घेतली. चार विषयांखाली लाल रेघ. एकदोन विषय राहिले असते तर वरच्या वर्गात ढकललं असतं. चार म्हणजे इयर डाउन, वर्षभर घरी बसायचं आणि पुन्हा परीक्षेला बसायचं. चेतन, मी डिप्लोमा सोडला नाही. मी नापास झाले.

हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं. लिहून उठले, पाणी प्यायले, परत येऊन वाचलं. आहे तसंच आहे.

नुसती नापास नाही, चांगली सडकून नापास. ड्रॉइंगला शंभरात अकरा. एखादी वस्तू समोरून कशी दिसते, वरून कशी, बाजूनं कशी, हे तिन्ही काढून दाखवायचं असायचं. आमचे सर म्हणायचे, डोळे मिटा आणि वस्तू मनातल्या मनात फिरवा. वर्गातल्या सगळ्यांच्या वस्तू फिरायच्या. माझी जागची हलायची नाही. वर्षभर मी डोळे मिटून बसले, त्यात दोनदा झोप लागली. कोणी माझ्यावर अन्याय केला नव्हता, पेपर फुटला नव्हता, मी आजारी नव्हते, घरात अभ्यासाला जागा नव्हती असंही नाही, कारण बाबांनी माझ्यासाठी खिडकीजवळची जागा मोकळी करून दिली होती आणि त्या जागेवर कोणी कपडा वाळत घातला तरी ते चिडायचे. मला ते येत नव्हतं, इतकी साधी गोष्ट होती.

गुणपत्रिका पिशवीत डब्याखाली घालून घरी आले तर दुपारी तीन वाजता बाबा घरात. त्या वेळी ते कधीच घरात नसायचे. कारखान्याच्या फाटकावर नोटीस लागली होती. नवं धोरण, बाहेरचा माल, तोटा, असं काहीबाही त्यात होतं आणि बाबा ती पाठ केल्यासारखी सांगत होते. आई भिंतीला टेकून बसली होती. तू सदाशिव पेठेत क्लासला गेला होतास, दहावीचं वर्ष म्हणून. हडपसरच्या आपल्या गल्लीतून पेठेतल्या क्लासला जाणारा तू पहिला, त्याचं बाबांना कोण कौतुक. ते म्हणाले, 'आता दोघांचं कसं व्हायचं?' मला विचारलं नव्हतं त्यांनी, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडे बघून बोलत होते. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, 'माझं राहू द्या, बाबा. चेतनचं होऊ द्या.' मला त्या क्षणी तुझी आठवणही नव्हती. निसटायला एक वाट हवी होती आणि ती समोर आयती उघडी दिसली. बाबा उठले, माझ्या डोक्यावर हात ठेवला. दिवेलागणीला तू क्लासहून आलास तोवर ही गोष्ट गल्लीतल्या चार घरी पोचली होती, आणि तू माझ्याकडे असा बघायला लागलास, की मला तुझ्यासमोर दुसऱ्यांदा भाजी वाढून घ्यायचीही चोरी झाली.

खरं सांगू? मला ते आवडलं. सतराव्या वर्षी आयता मोठेपणा मिळाला तर कोणाला नको असतो? एक वर्ष नापास मुलगी म्हणून काढायच्या ऐवजी मी सोळा वर्षं आदर्श ताई म्हणून काढली. लग्न ठरवताना संजयच्या घरच्यांनासुद्धा हीच गोष्ट सांगितली गेली, आणि सासूबाईंनी माझी दृष्ट काढायची तेवढी बाकी ठेवली. संजयला अजून माहीत नाही. तो बिचारा कोणाची बायको काय करते असं निघालं, की माझी गोष्ट सुरू करतो, आणि मी आत जाऊन उगाच भांडी लावत बसते.

सुट्टीत टायपिंग शिकले होते, म्हणून डेटा एन्ट्रीच्या ब्यूरोत लागले, हे तुला माहीत आहे. तिथं एक पद्धत होती. एकच फॉर्म दोघी जणी वेगवेगळ्या बसून टाइप करायच्या, एकीनं काय केलं ते दुसरीला दिसायचं नाही. मग मशीन दोन्ही ताडून बघायचं आणि जिथं फरक पडेल तिथं अडायचं. त्यात सगळ्या चुका सापडायच्या, एक सोडून. हातानं लिहिलेला इंग्रजी सात दोघींनाही एक वाटला, तर मशीन पुढे जायचं आणि त्या माणसाचं वय कायमचं चुकायचं. आपल्या घरात तेच झालं. बाबांनी एक गोष्ट लिहिली, तू तीच लिहिलीस, गल्लीनं तीच लिहिली. सगळ्यांचं जुळलं. मूळ फॉर्म एकट्या माझ्या हातात होता आणि मी गप्प बसले.

आता तू म्हणशील, यात कोणाचं काय बिघडलं? बिघडलंय, आणि ते आमच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर. श्रीनिवासराव इथले जुने ऊसवाले. जमीन बिल्डरला दिली, त्यावर ही सोसायटी उभी राहिली, त्यांचे स्वतःचे तीन फ्लॅट आहेत, तेव्हा अडचणीचा प्रश्नच नाही. त्यांची मुलगी ऋतुजा यंदा बारावी झाली. सीईटीत इतके मार्क मिळवले, की सरकारी कॉलेजात इंजिनिअरिंगला जागा मिळालीय. धाकटा पियुष नववीत, अभ्यासात यथातथा, क्रिकेटमध्येही यथातथाच. वडिलांचं म्हणणं, पोरीनं जवळच कुठंतरी बी.ए. करावं, घरात आईला हाताशी राहावं, आणि सगळं लक्ष पियुषवर घालावं. ऋतुजा शिकली म्हणून पियुषचं काय कमी होणार आहे, ते मला अजून समजलेलं नाही. पण त्यांना आपलं म्हणणं पटवायला एक उदाहरण मिळालंय, आणि ते उदाहरण मी आहे.

गेल्या बुधवारी ते तिला घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, 'ताई, तुमीच सांगा हिला. भावासाठी बहिणीनं जरा मागं सरायचं असतंय, त्यात काय कमीपणा न्हाई. तुमचा भाऊ आज कुठल्या कुठं हाय, बघा की.' ऋतुजा समोर बसली होती, कॉलेज मिळाल्याच्या कागदाची गुंडाळी हातात. तिनं मला एवढंच विचारलं, 'ताई, खरं सांगा, तुम्हाला कधीच रिग्रेट नाही झालं?' मी म्हणाले, नाही. आणि मी खोटं बोलले नाही, हीच तर गंमत आहे. मला खरंच कधी पश्चात्ताप झाला नाही, कारण जे जमत नव्हतं त्यातून माझी सुटका झाली होती. मी सोडलं ते येत नव्हतं म्हणून. ती सोडतेय आणि तिला येतंय. पण तिला हे कोण सांगणार? तिनं मान हलवली, कपबश्या उचलून आत ठेवल्या, आणि वडिलांच्या मागोमाग निघून गेली. दुसऱ्या दिवशी श्रीनिवासराव पेढे घेऊन दारात. 'समजली बघा पोरगी,' म्हणाले, 'तुमच्यामुळं.' त्यांनी पेढा पुढे केला आणि मी खाल्ला. चेतन, मी तो पेढा खाल्ला.

त्यानंतर दोन दिवसांनी तुझं कुरिअर आलं. पत्र वाचून झाल्यावर आईनं ते माझ्याकडून घेऊन त्याची घडी घातली. मग म्हणाली, 'चार विषय होते ना गं?' मला आधी कळेचना ती कशाबद्दल बोलतेय. त्या जूनमध्ये डबा घासायला काढताना तिला गुणपत्रिका सापडली होती. आईला इंग्रजीचं अक्षर ओळखता येत नाही. म्हणाली, 'लाल रेघा मोजायला इंग्रजी कशाला लागतंय?' कागदाची घडी होती तशी परत ठेवली आणि सोळा वर्षं तोंडातून ब्र काढला नाही. मी विचारलं, का नाही बोललीस? तर म्हणाली, तू आपणहून सांगशील म्हणून थांबले, मग थांबायचीच सवय झाली. मग आरशाचं निघालं. ती म्हणाली, 'चेतन मला म्हणतो, आहेस तशी स्वतःला मान्य कर. काय मान्य करू? तुझ्या बाबांना मी हे न सांगता तसंच जाऊ दिलं, ते?' बेसिनपाशी उभी राहून तिला ते दिसलं होतं. आणि तू त्याला अंतर्मनाचा विरोध म्हणालास.

तसंच जाऊ दिलं म्हणजे काय, ते आता लिहिते. अक्षर बिघडेल, समजून घे. २००१ साली बाबा गेले, त्याच्या चार दिवस आधी, दुपारी, दवाखान्यात त्यांच्याजवळ मी एकटी होते. तू चहा आणायला खाली गेला होतास. बाबांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाले, 'आम्रपाली, तुझं शिक्षण मी खाल्लं. बाबासाहेबांच्या फोटोकडं मला बघवत नाही.' आपल्या घरात या वाक्याचं वजन काय, ते तुला सांगायला नको. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली ती गोष्ट बाबा आपल्याला जेवताना सांगायचे, आणि गोष्टीच्या शेवटी दर वेळी एकच शब्द असायचा, शिका. त्या माणसानं नऊ वर्षं त्या तसबिरीसमोर मान खाली घालून काढली, आणि मी समजत होते की त्यांना माझा अभिमान वाटतो. वाटतही असेल, पण त्याखाली हे होतं. मला तेव्हा फक्त एवढंच म्हणायचं होतं, की बाबा, मी नापास झाले होते, तुम्ही काही खाल्लं नाही. ते रागावले असते. किंवा हसले असते, त्यांचं सांगता येत नाही. पण सुटले असते. आणि मी म्हणाले, 'काहीतरीच काय बोलता, झोपा आता.' तेवढ्यात तू चहा घेऊन आलास आणि मी तिघांसाठी चहा ओतला. माझ्या बापाला मी त्यानं न केलेला गुन्हा बरोबर देऊन पाठवलं, कारण मला त्याच्या नजरेत नापास व्हायचं नव्हतं.

म्हणून तुझं ते 'स्वतःला स्वीकार' ऐकलं, की माझं डोकं फिरतं. कोणाला स्वीकारू? सगळ्यांना जी मान्य आहे ती बाई मी नाहीच. त्या नापास मुलीबद्दल म्हणशील, तर तिला मी केव्हाच जवळ केलं असतं. तिला ड्रॉइंग येत नव्हतं आणि टायपिंग येत होतं, यात लाजण्यासारखं काही नाही. आज माझ्या हाताखाली चाळीस जण आहेत आणि कोणत्या रांगेत कोण चुकणार, हे मला त्याच्या बसण्यावरून कळतं. मी माझ्या कामात पक्की आहे आणि मला ते काम आवडतं. तेव्हा उत्साहाच्या भरात मला बाहेरून परीक्षा द्यायचे फॉर्म पाठवू नकोस, मला डिप्लोमा पुरा करायचा नाहीये. मला जड जातं ते दवाखान्यात चहा ओतणाऱ्या त्या बाईला स्वीकारणं. आणि ते आरशासमोर उभं राहून होणाऱ्यातलं नाही.

आणि आभार म्हणशील, तर तुझ्या दोन पानांत खरे आभार कुठंच नाहीत, पण माझ्याकडे तुझे आहेत. ब्यूरोतल्या पहिल्या हिवाळ्यात संध्याकाळी घरी आले की माझी बोटं वळायची नाहीत. तू अभ्यास अर्धा टाकून उठायचास, तव्यावर मीठ गरम करायचास, फडक्यात बांधून माझ्या हातांना शेक द्यायचास, आणि वेळ वाया जाऊ नये म्हणून त्याच वेळी भूमितीची प्रमेयं मोठ्यानं म्हणायचास. मला एक प्रमेय अजून पाठ आहे, अर्थ तेव्हाही कळला नव्हता. तुझ्या पत्रात हे नाही, म्हणजे तू विसरलास. मी त्याग केला म्हणून तू ते करतोस, असं मला वाटायचं, आणि त्यामुळे तो शेक मला कधी सुखानं घेता आला नाही. परवा तुझं पत्र दुसऱ्यांदा वाचताना पहिल्यांदा असं वाटलं, की कदाचित माझी बोटं दुखत होती म्हणूनही केलं असशील. तसं असेल तर त्याबद्दल मी तुझी आभारी आहे, अगदी मनापासून, आणि हे मी कोणत्याही शिबिराला न जाता लिहितेय.

काल मी दोनदा श्रीनिवासरावांकडे निघाले. पहिल्यांदा जिन्यातून परत फिरले. दुसऱ्यांदा घंटी वाजवली. त्यांनी दार उघडलं आणि आत बघून ओरडले, 'ताई आल्यात, पाणी आण गं,' आणि पाणी घेऊन ऋतुजा आली. माझ्याकडे बघून हसली, चांगलं हसली. मी रविवारच्या खुर्च्या किती मागवल्यात याची चौकशी केली आणि पाणी पिऊन खाली आले. तेहेतीस वर्षांची बाई, चाळीस माणसं सांभाळते, आणि एक शब्द तोंडातून निघत नाही. माझा मलाच इतका संताप आलाय, की तुझ्यावरचा जो वर काढला त्यातला निम्मा माझाच आहे असं समज.

हे पत्र उद्या सकाळी संजय कामावर जाताना तुझ्या हातात देईल. ऋतुजाची जागा नक्की करायची शेवटची तारीख शुक्रवार आहे. गुरुवारी संध्याकाळी सात वाजता मी पुन्हा वर जाणार आहे, आणि तू माझ्याबरोबर यायचं आहेस. मी एकटीनं सांगितलं तर त्यांना वाटेल ताई पोरीची बाजू घेऊन काहीतरी रचतेय, आणि ते आधी तुझ्याकडे बघतील, हे खरं आहे का म्हणून. तेव्हा तुला मान हलवता आली पाहिजे, आणि खरं माहीत नसताना ती हलवता येत नाही, म्हणून हे सगळं तुला लिहिलं. रविवारचं पत्र, शाल आणि माईक मी त्याच वेळी त्यांना रद्द करायला सांगणार आहे. तू तिथं काही बोलू नकोस. समजून घेणारा चेहरा करू नकोस. मला भीती वाटते चेतन, आणि सगळ्यात जास्त याची वाटते, की तू मला लगेच त्या मऊ आवाजात माफ करून टाकशील. करू नकोस. बाबांचं वाचून तुला राग आला असेल तर तो तसाच घेऊन ये, रस्ताभर बोलू नकोस, मला चालेल. फक्त मी तो शब्द उच्चारेपर्यंत माझ्या शेजारून उठू नकोस. बाबांसमोर मी एकटी होते, म्हणून गिळला.

जय भीम.

तुझीच,
आम्रपाली ताई
डिप्लोमा पहिलं वर्ष, नापास